शुद्ध रक्ताचा अहंकार आणि मैत्रीची कसोटी

नामपूरच्या आमच्या वस्तीतील विहारात एक लोखंडी कपाट आहे. बाबासाहेबांचे खंड, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या तीन-चार प्रती, जोतीराव फुल्यांचे समग्र वाङ्मय, स्पर्धा परीक्षेची हाताळून हाताळून चिंध्या झालेली पुस्तके आणि तळाच्या फळीवर जयंतीच्या वर्गणीची जुनी पावतीपुस्तके, असा त्यातला ऐवज. गेल्या उन्हाळ्यात या कपाटात एका मुलीने पाच जाडजूड पुस्तके आणून ठेवली. मुलगी नात्यातलीच, मला मामा म्हणणारी, नववी पास होऊन दहावीत गेलेली. पुस्तके 'हॅरी पॉटर'ची. दोन मराठी, तीन इंग्रजी. मालेगावच्या जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून वर्षभराच्या खाऊच्या पैशात जमवलेली.

रविवारी वंदना झाल्यावर आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी कपाट उघडले आणि काठीवाल्या पोराचे चित्र पाहून आमच्या अहिराणीतच विचारले, "हाई काय शे?" मग पुढचे प्रमाण मराठीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आपण. भुतेखेते, चेटूक, मंत्रतंत्र यांना मूठमाती देऊन धम्मात आलो. आणि आता आपल्याच विहारात चेटकिणीची पुस्तके? उद्या पोरे भगताच्या दारात जाऊन बसली तर जबाबदार कोण?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर महाराष्ट्राच्या डोंगरपट्ट्यात बाईला डाकीण ठरवून तिचा छळ झाल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात 2013 साली झाला, तोही 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर. तेव्हा चेटूक हा शब्द ऐकून ज्या माणसाच्या कपाळावर आठी चढते, त्या माणसाला मी मागासलेला म्हणणार नाही. त्याची आठी आपल्या चळवळीने कमावलेली आहे.

पण आक्षेप घेणाऱ्याने पुस्तक वाचले पाहिजे. मी उन्हाळाभर वाचले. शेतात डाळिंबाला पाणी सोडून बांधावर बसून वाचले. आणि मला जे दिसले ते आपल्या चळवळीच्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते, कारण या गोष्टीतला खरा काळोख चेटकाचा नाहीच. तो आपल्या फार ओळखीचा आहे.

आधी जादूचे पाहू. या कादंबऱ्यांत जादू कुणा देवाच्या कृपेने मिळत नाही, नवसाने मिळत नाही. शाळेत जाऊन, तास बसून, गृहपाठ करून, परीक्षा देऊन ती शिकावी लागते. भविष्य सांगणाऱ्या बाईंचा तास त्या शाळेत आहे, आणि लेखिकेने त्याची यथेच्छ टर उडवली आहे. वर्गातली सर्वांत हुशार मुलगी हर्मायनी तिसऱ्या पुस्तकात त्या तासातून दप्तर उचलून चालती होते ती परत जात नाही. दुसऱ्या पुस्तकात लॉकहार्ट नावाचा एक गुरुजी आहे. दुसऱ्यांचे पराक्रम चोरून, त्यांच्या स्मृती पुसून टाकून, स्वतःच्या नावावर पुस्तके खपवणारा. आपल्याकडच्या चॅनेलवरच्या बाबा-बुवांचा हा सख्खा भाऊ! ज्याला अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यान द्यायचे आहे त्याने हे प्रकरण पोरांना खुशाल वाचून दाखवावे.

आता मूळ मुद्दा. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेचे पहिले पुस्तक 1997 साली आले आणि सातवे, शेवटचे, जुलै 2007 मध्ये. मराठीत पहिले पुस्तक 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने आणले. शहरांतल्या मुलांनी ते पळवापळवी करून वाचले, वर्तमानपत्रांनी खपाचे आकडे छापले. पण या सात पुस्तकांचा कणा काय आहे हे सांगायला प्रस्थापित समीक्षक फारसे पुढे आले नाहीत. त्याचा कणा आहे रक्तशुद्धीचे वेड! जादूगारांच्या जगात काही घराणी स्वतःला शुद्ध रक्ताची म्हणवतात. ज्याचे आईबाप साधी माणसे आहेत असे एखादे मूल आपल्या गुणांनी त्या शाळेत आले, तर त्याला एक शिवी आहे. तिचा अर्थ 'चिखलाच्या रक्ताचा'. हर्मायनी दंतवैद्य आईबापांची मुलगी. सगळ्या वर्गात पहिली. आणि दुसऱ्या पुस्तकात श्रीमंत, खानदानी घराण्यातले एक पोर मैदानात, चारचौघांत तिला ही शिवी हासडते.

वाचकहो, हे वाचताना बांधावर बसलेल्या माझ्या अंगावर काटा आला. कारण जगात कुठेही असो, गुणवत्तेत हरलेला जन्माचा अहंकार याच एका जागी येऊन थुंकतो.

भांडणाचे मूळही पाहण्यासारखे आहे. हजार वर्षांपूर्वी चौघांनी ही शाळा काढली. त्यांतल्या एकाचा, स्लिदरिनचा, आग्रह असा की विद्या फक्त जादूगारांच्या कुळातल्या मुलांनाच द्यावी. बाकीच्यांनी ऐकले नाही, तेव्हा तो शाळा सोडून गेला; पण जाताना तळघरात एक महासर्प ठेवून गेला. पुढे योग्य वारस येईल आणि त्या सर्पाकरवी शाळेतून 'अपात्र' मुलांचा नायनाट करील, ही त्याची इच्छा. विद्या कुणाला द्यायची आणि कुणाला नाकारायची या प्रश्नावर जिथे शंबुकाचे डोके गेले आणि एकलव्याचा अंगठा गेला, त्या देशातल्या वाचकाला हा सर्प वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शाळा सगळ्यांना उघडी झाली तरी तळघरात काय राहिले आहे, हे आपल्या उच्च शिक्षणसंस्थांतील मुलांच्या आत्महत्या आपल्याला सांगत असतात. हैदराबाद विद्यापीठात जानेवारी 2016 मध्ये रोहित वेमुला गेला. मुंबईत मे 2019 मध्ये डॉ. पायल तडवी गेली. ती आपल्या खानदेशातल्या जळगावची, तडवी भिल्ल समाजातली.

सातव्या पुस्तकात तर सरकारच या रक्तवाल्यांच्या ताब्यात जाते. एक आयोग नेमला जातो. साध्या घरातून आलेल्या जादूगारांनी आयोगापुढे हजर व्हायचे आणि आपली विद्या कुणाकडून चोरली ते सांगायचे! जादू जन्मानेच येते हे एकदा ठरवून टाकले, की ज्याच्या जन्मात ती नाही त्याच्याकडची जादू चोरीचीच ठरते. एका घाबरलेल्या बाईला विचारतात, ही छडी तू कोणाकडून हिसकावलीस? बाई रडत सांगते, मी दुकानातून विकत घेतली, मी अकरा वर्षांची असताना. आता आपल्यापैकी कितीजणांना कॉलेजात, कचेरीत, बढतीच्या यादीपुढे उभे असताना हाच प्रश्न ऐकावा लागला आहे, की तू कोणाची जागा घेतलीस? मी ते पान दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचवले नाही.

आणि या सगळ्याचा जो म्होरक्या, ज्याचे नाव घ्यायलाही लोक भितात, तो स्वतः कोण? त्याची आई शुद्ध घराण्याची, बाप साधा माणूस. आपले मूळ लपवून, बापाचे नाव टाकून तो शुद्ध रक्ताचा सेनापती झाला आहे. असे सेनापती आपल्याकडेही आहेत. बहुजनात जन्मून मनुवादाची पालखी वाहणाऱ्यांची यादी वाचकांना तोंडपाठ असेल, मी जागा अडवीत नाही.

पण मला आज लिहायचे आहे ते मैत्रीबद्दल. कारण काळोखाविरुद्ध या गोष्टीत जे उभे राहते ते शस्त्र नाही, राजा नाही, अवतारही नाही. तीन-चार पोरांची मैत्री आहे. आणि ती मैत्री गोड-गोड नाही. तिला नीतीचा कणा आहे.

सर्वांत मोठा धडा मला दिला तो नायकाने नव्हे. तो दिला त्याच्या मेलेल्या आईने, लिलीने. ती साध्या घरातली. स्नेप हा तिचा बालपणापासूनचा मित्र. मुलगा गरिबीत, मारझोडीच्या घरात वाढलेला, हुशार. पण शाळेत त्याची ऊठबस त्या रक्तशुद्धीवाल्या टोळक्यात. एके दिवशी काही टवाळ पोरे सगळ्यांसमोर त्याची अब्रू घेतात. लिली त्याच्या मदतीला धावते. आणि अपमानाने पेटलेला हा मुलगा मदतीला आलेल्या मैत्रिणीलाच ती चिखलाच्या रक्ताची शिवी देतो. रात्री तो तिची माफी मागायला येतो. ती माफी नाकारते. तिचे म्हणणे असे की माझ्या जन्माच्या बाकी सगळ्यांना तू हीच शिवी देतोस, मग मीच वेगळी का?

मी पुस्तक मिटले. मला माझे कॉलेजचे दिवस आठवले. कॉलेज कोणते, गाव कोणते, ते राहू द्या. खोलीवर आम्ही चौघे. एकजण जिवाभावाचा. त्याच्या घरच्या खोबऱ्याच्या वड्या पहिल्यांदा माझ्या हातात पडायच्या, माझ्या तापात तो रात्रभर उशाशी बसलेला. एका संध्याकाळी आरक्षणावरून वाद निघाला. तो तावातावाने 'त्या लोकां'बद्दल जे बोलायचे ते बोलला आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझं नाही रे म्हणत. तू त्यांच्यातला वाटतच नाहीस." त्याने ते प्रेमाने म्हटले होते, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि मी? मी हसलो. लिलीचे वय सोळा आहे आणि तिला जे एका रात्रीत कळले ते मला कळायला पंधरा वर्षे लागली. त्या खांद्यावरच्या हाताने मला माझ्या आईपासून, माझ्या वस्तीपासून तोडून बाजूला काढले होते, आणि मी त्याला मैत्री समजलो होतो.

या 'तू वेगळा आहेस'ची चटक आपल्यालाही लागते, हे कबूल केले पाहिजे. शिकून गाव सोडलेले आपले किती भाऊ या एका वाक्यावर आयुष्य काढतात! आडनाव बदलतात, घरातला बाबासाहेबांचा फोटो दर्शनी खोलीतून आतल्या खोलीत नेतात. आपल्या नाशिकच्या बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह दिला तो 1963 साली. जात लपवून मिळवलेल्या जिव्हाळ्याचे शेवटी काय होते, ते त्यांच्या शीर्षककथेत ज्याने वाचले असेल त्याला मी काय वेगळे सांगणार?

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1917 साली परदेशात शिकून ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी येऊन संध्याकाळपर्यंत जागा सोडायला बजावले. तेव्हा त्यांना दोन मित्र आठवले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला वाईट वाटले, संतापही आला. पण तू माझ्या घरी आलास तर नोकर निघून जातील, म्हणाला. ख्रिस्ती मित्राचे घराणे मूळचे ब्राह्मण. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. याचा अर्थ बाबासाहेबांनी ओळखला. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तेवढे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. मित्रांना त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. पण दोन्ही मित्रांची नोंद इतकी नेमकी केली आहे की शंभर वर्षांनीही ते दोघे दारात उभे असलेले दिसतात.

याच बाबासाहेबांना न्यूयॉर्कमध्ये नवल भथेना भेटले होते. तेही पारशी. ओढगस्तीच्या काळात बाबासाहेबांना पैशांची मदत करणारा हा मित्र आयुष्यभर टिकला. लाठ्या घेऊन आलेले पारशी आणि नवल भथेनाही पारशी. मैत्री कुळावर बेतत नाही, एवढे तरी यातून दिसते. महाडला डिसेंबर 1927 मध्ये मनुस्मृती जाळली तेव्हा तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. त्यांनी बाबासाहेबांना 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही' असे म्हटले नाही. ते स्वतः 'त्यांच्यातल्या'त येऊन उभे राहिले.

कादंबरीत असा बदलणारा मित्र आहे, रॉन. शुद्ध घराण्यातला, गरीब, मनाने भला. पण त्याच्या जगात घरोघर राबणारे बुटके गुलाम आहेत, आणि ते त्याला स्वाभाविक वाटते. हर्मायनी चौथ्या पुस्तकात या गुलामांच्या हक्कांसाठी संघटना काढते तेव्हा रॉन टर उडवतो. गुलाम स्वतःही तिच्यावर नाराज होतात. त्यांना मुक्ती म्हणजे बेअब्रू वाटते. (आपल्या आजोबांच्या पिढीला मेलेली ढोरे ओढू नका म्हणून सांगायला बाबासाहेबांची माणसे गावोगाव फिरली, तेव्हा त्यांना आधी विरोध कुणी केला होता ते आठवावे.) त्यानंतर तीन पुस्तके जातात. शेवटच्या लढाईत, जीव वाचवायच्या घाईत, तोच रॉन थांबून म्हणतो की स्वयंपाकघरातल्या त्या गुलामांना आधी बाहेर काढले पाहिजे, आपल्यासाठी मरायचा हुकूम आपण त्यांना देऊ शकत नाही. मित्राच्या कटकटीने माणूस कसा घडत जातो हे यापेक्षा चांगले कुठे दाखवले आहे, मला आठवत नाही.

आणि कटकट हाच शब्द बरोबर आहे. तिसऱ्या पुस्तकात हॅरीला कुणीतरी निनावी, महागडा उडता झाडू पाठवतो. हर्मायनीला संशय येतो, ती शिक्षिकेला सांगते, झाडू जप्त होतो. दोघे मित्र तिच्याशी बोलणे टाकतात. शेवटी शाळेचा राखणदार त्यांना ऐकवतो, की मैत्रिणीची किंमत झाडूपेक्षा जास्त असेल असे मला वाटले होते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी राजगृहाच्या तरुण सिगालाला हेच सांगितले आहे. तोंडावर गोड बोलणारा, प्रत्येक गोष्टीला मान डोलवणारा हा मित्राच्या वेषातला शत्रू. पापापासून अडवणारा, हिताचे ऐकवणारा तो सुहृद. आनंदाने एकदा म्हटले की कल्याणमित्र लाभणे हे श्रेष्ठ जीवनाचे अर्धे अंग आहे. तथागतांनी त्याला दुरुस्त केले, अर्धे नव्हे, संपूर्ण. आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये करुणेच्याही पुढे मैत्री ठेवली. करुणा माणसांपुरती, मैत्री प्राणिमात्रांसाठी. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनी बजावले ते हेच, की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगाइतकीच टिकतील. ती बंधुता कायद्याच्या कलमातून येत नाही. शाळेच्या बाकावर, डबा उघडताना येते किंवा येत नाही.

म्हणून या पुस्तकांना डोक्यावर घेऊन नाचावे असे मात्र नाही. माझी तक्रार आहे, आणि ती लहान नाही. एक तर त्या शाळेत अकरा वर्षांच्या मुलांना टोपी घालून चार घरांत वाटतात. शूर एका घरात, हुशार दुसऱ्या, कष्टाळू तिसऱ्या, महत्त्वाकांक्षी चौथ्या. हे गुणकर्माचे चातुर्वर्ण्यच झाले! 'जातीचे निर्मूलन' या 1936 च्या भाषणात बाबासाहेबांनी आर्यसमाजी मंडळींच्या नेमक्या याच कल्पनेच्या चिंधड्या उडवल्या होत्या, की माणसे अशी चार खणांत मावत नाहीत. सातव्या पुस्तकात शाळेच्या मुख्याध्यापकाला उशिरा शंका येते की आपण मुलांना फार लवकर वाटतो. पण कथा संपते तेव्हा, एकोणीस वर्षांनीही, टोपी तिथेच आहे.

दुसरे गुलामांचे. डॉबी नावाचा गुलाम मालकाच्या हातून नकळत पडलेल्या एका मोज्याने मुक्त होतो, पुढे मित्रांसाठी मरतो. हॅरी जादू न वापरता स्वतःच्या हातांनी त्याचे थडगे खणतो आणि दगडावर तो स्वतंत्र होता एवढे कोरतो. ते पान वाचताना माझी भाची रडली, मीही गळा खाकरला. पण डॉबी एकटा सुटला. बाकीचे? लढाई जिंकल्यावर नायकाच्या मनात विचार येतो तो आपला गुलाम खायला आणून देईल का, हा! मालक दयाळू झाला म्हणजे गुलामी संपली, हा उदारमतवाद्यांचा जुना भ्रम आहे आणि लेखिका त्यातून सुटलेली नाही. अलीकडच्या वर्षांत ट्रान्स व्यक्तींबद्दलच्या तिच्या भूमिकेमुळे तिचे कितीतरी वाचक दुखावले, तेव्हाही लोकांनी तिच्यापुढे तिचेच पुस्तक धरले. ठीकच केले. पुस्तक लेखकापेक्षा मोठे होऊ शकते, आणि वाचकाला त्याच्याही पुढे जावे लागते.

हे सगळे मी पुढच्या रविवारी विहारात मांडले. ज्येष्ठांनी शांतपणे ऐकून घेतले. मोज्याच्या गोष्टीला हसले. पुस्तके बाबासाहेबांच्या फळीवर नकोत, वेगळी फळी करा, एवढ्यावर तडजोड झाली. सुताराचे पैसे वर्गणीतून द्यायचे की माझ्या खिशातून, हा वाद अजून चालू आहे.

भाचीने एक वही घातली आहे, कोण कोणते पुस्तक नेतो त्याची. परवा चाळली. चौथे पुस्तक पंधरा दिवसांपासून बाहेर आहे. नाव गावातल्या मोठ्या आळीतल्या एका मुलीचे, हिच्या बाकावर बसणारी. पण ती कधी विहारात आलेली मला आठवेना. विचारले, तर भाची म्हणाली, "मीच शाळेत नेऊन देते, मामा."

"ती इथे का येत नाही?"

भाची वहीवर रेघा मारत राहिली. "मी तिला विचारलंच नाही अजून," ती म्हणाली.